एकोणीस मिलिमीटर

मनाडोत रविवारी सगळे चर्चला जातात.
डॉक्टर रुमागित, तिची आई, फाटकावरचा शिपाईसुद्धा.
मी नाही गेले. रात्री वीज गेली होती
आणि उबपेटीतल्या बशा कुणीतरी बघायला हव्या होत्या.

मी इथे काचा धुते. अकरा वर्षं.
कुठल्या बशीत काय पोसलंय
ते मला वासावरून कळतं.

सदतीस नंबरची उघडली नाही, नुसती खिडकीशी धरली.
जंतूंची साय सगळीकडे सारखी, पिवळट,
आणि मधल्या कागदी टिकलीभोवती
काहीच नाही.
चंद्राला खळं पडावं
तसं गोल, स्वच्छ काहीच नाही.

ती साय लामातोच्या पोटरीतली.
चार महिने न भरणाऱ्या जखमेतून
त्यानंच कापसाची काडी फिरवून दिली होती:
घ्या, म्हणाला, माझ्याकडे भरपूर आहेत.
तीन औषधं बदलून झाली होती,
तिन्हींपुढे दवाखान्यानं लिहिलं होतं, दाद देत नाही.

आणि टिकलीवर जे होतं तेही त्यानंच आणलेलं.
नाईन बेटामागच्या कड्याला, बावीस मीटर खाली
चिकटून बसलेला एक विटकरी गोळा.
पिशवीतून काढला तेव्हा
कुजक्या लसणासारखा दरवळला, मी नाक दाबलं.
स्पंज, डॉक्टर म्हणाली. प्राणी आहे तो.

प्राणी! ना तोंड, ना पाय,
कुणी खायला आलं तर सरकता येत नाही,
ओरडता येत नाही.
दिवसभर समुद्र आत ओढायचा, समुद्र बाहेर सोडायचा.
मेलेले मासे, बंदराची घाण, आमचं सांडपाणी,
सगळं अंगातल्या भोकांतून जाऊ द्यायचं
आणि आपण सडायचं नाही.
कसं, ते कुणाला सांगायचंही नाही.

सोमवारी डॉक्टरनं पट्टी लावली. एकोणीस मिलिमीटर.
पुन्हा लावली.
मग चश्मा पुसत बसली बराच वेळ,
म्हणाली, हसू नका अजून.

लामातो पोटरीला प्लॅस्टिक गुंडाळून पुन्हा उतरला.
तोच कडा, चार हात अलीकडे,
तोच रंग, तोच लसूण.
अठ्ठेचाळीस नंबर: खळं नाही.
एकोणपन्नास: नाही.
पन्नासला मी स्वतः खिडकीशी धरून फिरवत राहिले,
जणू माझ्याच धुण्यात खोट होती.

डॉक्टर म्हणाली, औषध कदाचित स्पंजाचं नसेलच,
त्याच्या आत राहणाऱ्या कुणा बिऱ्हाडाचं असेल,
आणि या घरांत ते बिऱ्हाड नसेल.
मग त्यालाच आणा की काचेत, मी म्हटलं.
काचेत ते जगत नाही, ती म्हणाली.
एवढं बोलून ती बाहेर व्हरांड्यात गेली.

लामातोला बशी दाखवली शुक्रवारी.
लंगडत आला, ओले हात विजारीला पुसले,
झाकणावरून करंगळी त्या गोलावर टेकवली.
नख बसलं बरोब्बर आत.
एवढीच जागा?
एवढीच, डॉक्टर म्हणाली.
होडी बांधायला, तो म्हणाला, एवढा खुंट पुरतो.
आणि विचारलं, सोमवारी किती वाजता निघायचं.

ते गेल्यावर नियमाप्रमाणे
सदतीस नंबर वाफेच्या भांड्यात गेली,
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
तिथे सगळे सारखेच मरतात, दाद देणारे आणि न देणारे.
मग मी ती घासली, विसळली, पालथी घातली.

वाळल्यावर उजेडाशी धरून पाहिली.
आता सबंध बशीच स्वच्छ होती,
आणि त्याचा काही उपयोग नव्हता.